गरज कोणी सांगावी? : ग्रामीण सेवेच्या इतिहासातील एक प्रश्न

ख्रिस्ती मंडळीच्या सेवाकार्याचा इतिहास आपण बहुधा संस्थांचा इतिहास म्हणून लिहितो. अमुक साली शाळा निघाली, अमुक साली रुग्णालयाची कोनशिला बसली, अमुक मिशनऱ्याने विहीर खणून घेतली, अशी त्याची मांडणी असते. त्या शाळेची वा विहिरीची गरज आहे हे कोणी ठरविले, कोणाला विचारून ठरविले, आणि ज्याला विचारले गेले नाही त्याचे पुढे काय झाले, हे प्रश्न त्या मांडणीत सहसा येत नाहीत. प्रस्तुत लेखात हेच प्रश्न हाती धरून गेल्या सव्वाशे वर्षांतील चार प्रसंग तपासावयाचे आहेत. पहिला जुन्या मध्य प्रांतातील, दुसरा जामखेडचा, तिसरा भोपाळचा आणि चौथा गडचिरोलीचा. चारही ठिकाणी कोणीतरी ग्रामीण किंवा गरीब जनतेची गरज मोजू पाहत होते. त्या मोजमापाच्या पद्धतीवरच पुढील सेवेचे रूप अवलंबून राहिले, असे या प्रसंगांवरून दिसते.

इतिहासाकडे वळण्यापूर्वी शास्त्रातील तीन ठिकाणांचे स्मरण करणे योग्य होईल. यरीहोच्या वाटेवर बसलेल्या बार्तीमयाला प्रभूने त्याची इच्छा काय, असे विचारले. आंधळ्याला काय हवे असणार हे गर्दीतील कोणीही सांगू शकला असता. पण तीच गर्दी त्याला गप्प बसवीत होती. प्रभूच्या प्रश्नाने प्रथम त्याला बोलण्याचा अधिकार मिळाला व दृष्टी त्यानंतर मिळाली. नहेम्याने यरुशलेमेत आल्यावर आपला बेत कोणापुढेही न मांडता रात्री मोजक्या माणसांनिशी पडलेल्या तटाची पाहणी केली. पण पाचव्या अध्यायात त्याला तटापेक्षा निराळी गोष्ट ऐकू आली: शेते गहाण पडली होती, मुले दास्यात जात होती. डोळ्यांनी केलेल्या पाहणीत जे दिसले नव्हते ते लोकांच्या आक्रोशातून कळले. आणि प्रेषितांच्या कृत्यांच्या सहाव्या अध्यायात ग्रीक भाषा बोलणाऱ्या विधवांची रोजच्या वाटपात उपेक्षा होते अशी कुरकुर उठली, तेव्हा प्रेषितांनी ती मंडळीतील फूट म्हणून दडपली नाही. त्यांनी सर्व शिष्यांना एकत्र बोलाविले, आणि निवडलेल्या सातही जणांची नावे ग्रीक आहेत. ज्या गटाची उपेक्षा झाली होती त्याच गटाच्या हाती वाटपाची व्यवस्था गेली, असा अर्थ अनेक भाष्यकार यातून काढतात व तो सयुक्तिक आहे.

१. दुष्काळाची कसोटी

१८७६ ते १८७८ या काळातील भीषण दुष्काळानंतर इंग्रज सरकारने एक आयोग नेमला. त्याचा अहवाल १८८० मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्याच्या आधारे प्रांतोप्रांती दुष्काळ-संहिता तयार झाल्या. दुष्काळ खरोखरच पडला आहे की नाही हे ठरविण्याची या संहितांची रीत लक्षात घेण्याजोगी आहे. सरकारने एखादे कसोटीचे काम उघडावयाचे, म्हणजे खडी फोडण्याचे, रस्त्याचे किंवा तलावाचे काम, आणि त्यावर जेमतेम पोट भरेल एवढीच मजुरी ठेवावयाची. लोक मोठ्या संख्येने त्या कामावर आले तर संकट खरे मानावयाचे. न आले तर अद्याप वेळ आलेली नाही असे समजावयाचे.

प्रशासनाच्या दृष्टीने ही युक्ती चतुर होती. अर्ज तपासण्याचा खटाटोप नाही, गावपाटलाच्या शिफारशीवर विसंबणे नाही. गरजू माणूस आपल्या पायांनी चालत येऊन आपली गरज सिद्ध करील. या कामांमुळे पुष्कळांचे प्राण वाचले हेही मान्य केले पाहिजे. तथापि, या मोजपट्टीत एक उणीव होती. जो खडी फोडू शकतो त्याचीच गरज तिने मोजली जात होती. अंगात त्राण नसलेल्यांसाठी दरिद्रालये होती. पण तेथे पोहोचलेल्या माणसाला अन्नापलीकडे कशाचे भय आहे हे विचारण्याची तरतूद कोणत्याही संहितेत नव्हती.

१८९६–९७ च्या दुष्काळात मध्य प्रांत होरपळून निघाला. जबलपूर, सागर, होशंगाबाद हे जिल्हे त्यात होते. भोपाळचे संस्थान त्यांच्या शेजारी. पंडिता रमाबाई तेव्हा पुण्यात शारदा सदन चालवीत होत्या. १८७० च्या दशकातील दुष्काळात त्यांनी स्वतःचे आईवडील गमावले होते. अन्न मागण्याची लाज वाटणाऱ्या घरातील माणसे कशी मरतात हे त्यांनी पाहिले होते. मध्य प्रांतात जाऊन त्यांनी दुष्काळी कामे आणि दरिद्रालये पाहिली तेव्हा त्यांच्या नजरेस जे आले ते सरकारी तक्त्यांत नव्हते. कोवळ्या मुली व तरुण विधवा तेथे एकाकी होत्या, आणि त्यांच्या असहायतेचा फायदा घेणारी माणसे त्यांच्याभोवती फिरत होती. तक्त्याच्या हिशेबाने त्यांना अन्न मिळत होते, म्हणून त्यांची गरज भागली होती. रमाबाईंच्या हिशेबाने ती तेथून सुरू होत होती.

त्या मोहिमेत मध्य प्रांतातून सुमारे तीनशे मुली व स्त्रिया त्यांनी आणल्या, आणि केडगावच्या मुक्ती सदनाचा विस्तार त्यातून झाला. रमाबाईंची सेवा आपण त्यांच्या श्रद्धेचे फळ म्हणून सांगतो व ते खरेच आहे. परंतु त्या श्रद्धेने त्यांना काय करावयास लावले ते अधिक बारकाईने पाहावे. त्या प्रथम तेथे गेल्या. दुष्काळात ज्यांची गणना पोटांच्या संख्येत झाली होती, त्यांच्यात त्यांनी माणसे पाहिली. ज्या स्त्रीने तशीच उपासमार भोगली होती तिला काय विचारावे हे ठाऊक होते.

२. संस्थेची गरज आणि लोकांची गरज

पुढील अर्धशतकात मिशन संस्थांचा मोठा विस्तार झाला. मिरजेस डॉ. वॉन्लेस यांनी उभारलेल्या रुग्णालयासारख्या संस्थांचे ऋण महाराष्ट्र कधी विसरणार नाही. पण संस्था उभी राहिली की तिच्याही गरजा निर्माण होतात: इमारतीची डागडुजी, कर्मचाऱ्यांचे पगार, परदेशातील दात्यांना पाठवावयाचे अहवाल. कालांतराने गावाची गरज काय, हा प्रश्न मागे पडून संस्थेला काय हवे, हा प्रश्न पुढे येतो. आणि दोन्ही प्रश्न एकच आहेत असे प्रामाणिक माणसांनाही वाटू लागते.

स्वातंत्र्यानंतर हा प्रश्न मंडळीला बाहेरून विचारला गेला, आणि तोही कटू स्वरूपात. नागपूर ही राजधानी असलेल्या तत्कालीन मध्य प्रदेश सरकारने १९५४ मध्ये न्यायमूर्ती भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली मिशनरी कार्याच्या चौकशीसाठी समिती नेमली. तिने ९९ प्रश्नांची प्रश्नावली काढली, चौदा जिल्ह्यांत दौरा केला व १९५६ मध्ये अहवाल दिला. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला राज्यपुनर्रचना होऊन मराठी जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि नव्या मध्य प्रदेशाची राजधानी भोपाळ झाली. अहवालाचे पडसाद मात्र दोन्हीकडे उमटत राहिले. शाळा आणि दवाखाने ही धर्मांतराची साधने आहेत, हा त्या अहवालातील आरोप मंडळीने नाकारला आणि त्यावर पुष्कळ लिहिले गेले. तो वाद येथे उकरून काढावयाचा नाही. परंतु आरोप फेटाळल्यानंतरही एक प्रश्न आपल्यापाशी उरतोच: आपली सेवा सेव्य माणसाच्या गरजेतून निघते की सेवा करणाऱ्याच्या? हा प्रश्न विरोधकाने विचारला म्हणून तो खोटा ठरत नाही.

मंडळीने तो स्वतःलाही विचारला, हे विशेष. १९६४ मध्ये जर्मनीतील ट्युबिंगेन येथे जागतिक मंडळी परिषद आणि लूथरन जागतिक संघ यांच्या वतीने वैद्यकीय सेवेविषयी एक विचारविनिमय झाला. आरोग्यदान हे केवळ डॉक्टरांचे व रुग्णालयांचे काम नसून सबंध मंडळीचे आहे, असा विचार तेथे मांडला गेला. मंडळीची बहुतांश वैद्यकीय शक्ती रुग्णालयाच्या दारापर्यंत येऊ शकणाऱ्यांवर खर्च होत होती. दारापर्यंत न येऊ शकणारा बहुसंख्य समाज तिच्या कक्षेबाहेर होता. या चिंतनातून १९६८ मध्ये ख्रिस्ती वैद्यकीय आयोग स्थापन झाला. त्याच्या साहाय्याने उभ्या राहिलेल्या आरंभीच्या प्रकल्पांपैकी एक अहमदनगर जिल्ह्यातील, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील, जामखेड येथे होता.

३. जामखेड

डॉ. रजनीकांत आरोळे हे अहमदनगर जिल्ह्यातील सुप्याचे. डॉ. मेबल यांचा जन्म जबलपूरचा. त्यांचे वडील तेथील लिओनार्ड थिऑलॉजिकल कॉलेजात नव्या कराराच्या ग्रीक भाषेचे अध्यापक होते. दोघांचे वैद्यकीय शिक्षण वेल्लोरला झाले. १९६० च्या दशकात त्यांनी वडाळा येथील मिशन रुग्णालयात काम केले आणि तेथे त्यांना एक गोष्ट अस्वस्थ करू लागली. बरे करून घरी पाठविलेली मुले काही महिन्यांनी त्याच आजाराने पुन्हा येत. आजार गावात होता, उपचार रुग्णालयात होते, आणि दोहोंच्या मधल्या वाटेवर कोणीच नव्हते. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेऊन ते १९७० मध्ये परतले व जामखेड या अवर्षणग्रस्त तालुक्यात आले. उत्तर भारताची संयुक्त मंडळी त्याच वर्षी २९ नोव्हेंबरला नागपूर येथे अस्तित्वात आली, हा योगायोग आपल्या वाचकांना लक्षणीय वाटेल.

त्यांनी रुग्णालय बांधून कामाला सुरुवात केली नाही. गावच्या पुढाऱ्यांशी बोलणी झाली, गावाने जुन्या पशुवैद्यकीय दवाखान्याची जागा दिली, आणि तेथे उपचार सुरू झाले. मग ते खेड्यांत जाऊन लोकांशी बोलू लागले. दोन उच्चशिक्षित डॉक्टर आरोग्याविषयी विचारीत होते. लोक मात्र पाणी आणि अन्न यांविषयी बोलत होते. लोकांच्या यादीत औषधपाण्याचा क्रमांक खाली होता. लवकरच १९७२ चा दुष्काळ आला आणि लोकांचे म्हणणे किती खरे आहे हे दिसून आले.

येथे डॉक्टरांपुढे दोन वाटा होत्या. पाणी हा आपला विषय नव्हे असे म्हणून औषधे वाटीत राहणे ही एक. बहुतेक संस्था असेच करतात, कारण दाता औषधांसाठी पैसे देतो, विहिरीसाठी नव्हे. आरोळे दांपत्याने दुसरी वाट धरली. कूपनलिका खणण्याची व्यवस्था झाली; लहान मुलांसाठी गावोगावी सामूहिक स्वयंपाक सुरू झाले व त्यात सरपण, श्रम आणि देखरेख गावकऱ्यांची होती. तरुण शेतकऱ्यांना एकत्र आणण्यासाठी त्यांनी व्हॉलीबॉलचा खेळ सुरू केला. कारण जातीजातींनी विभागलेल्या गावात चावडीवर सर्वांना बसविणे कठीण, पण मैदानावर चेंडू कोणाच्या हातून आला हे पाहावयास वेळ नसतो. त्यातून शेतकऱ्यांची मंडळे उभी राहिली.

परंतु जामखेडचा धडा ‘लोकांना विचारा’ एवढ्या एका वाक्यात संपविला तर तो अर्धवट राहील. गावाला विचारले म्हणजे कोणाला विचारले? चावडीवर बोलतो तो पाटील, सावकार, सरपंच. त्याने सांगितलेली गरज खोटी असतेच असे नाही. पण ती सबंध गावाची असतेच असेही नाही. गावाने मागितलेली विहीर सवर्णांच्या आळीत खणली गेली, तर दलितांच्या दृष्टीने ती विहीर नसल्यासारखीच. म्हणून कूपनलिका शक्य तेथे दलित वस्तीत खणाव्यात असा आग्रह धरला गेला. पाण्याची गरज सर्वांना होती, पाणी वस्तीत होते. तेव्हा वस्तीकडे पाठ फिरवून चालणाऱ्यांनाही तेथे येणे भाग पडले. गरजेचे उत्तर कोठे द्यावयाचे, या निर्णयाने गावातील एका जुन्या भिंतीला भगदाड पाडले.

दुसरी गोष्ट अशी की, काही गरजा लोक बोलून दाखवीत नाहीत, कारण त्या त्यांना गरजा वाटतच नाहीत. १९७१ मध्ये प्रकल्पाच्या खेड्यांत जन्मलेल्या दर हजार बालकांपैकी १७६ बालके वर्षाच्या आत दगावत होती. तरीही बालमृत्यू थांबवा अशी मागणी कोणी केली नाही. जे नेहमीच होत आले आहे ते दैव म्हणून स्वीकारले जाते. येथे केवळ ऐकून भागत नाही. ऐकणाऱ्याने आपले ज्ञानही प्रामाणिकपणे पुढे ठेवावे लागते. मात्र पाण्याविषयीचे आपले म्हणणे ऐकले गेले, हा अनुभव आल्यानंतरच माता मुलांच्या जुलाबाविषयी डॉक्टरांचे म्हणणे ऐकू लागल्या. हा क्रम उलटा करता येत नाही.

तिसरी आणि सर्वांत दूरगामी गोष्ट म्हणजे गाव-आरोग्यसेविका. प्रशिक्षित परिचारिकेस खेड्यात ठेवण्याचा प्रयोग पुरेसा यशस्वी झाला नाही. ती बाहेरची, तरुण, आणि गावाला परकी. मग गावांनी आपल्यातीलच स्त्रिया निवडल्या. त्यांपैकी पुष्कळ निरक्षर, मध्यमवयीन, आणि अनेकजणी दलित समाजातील होत्या. त्या नियमाने जामखेडला येत, एकत्र राहत, एकत्र जेवत, शिकत आणि परत जाऊन शिकवीत. घराघरांतील जन्म-मृत्यू, गरोदर स्त्रिया, कुष्ठरोगाचे चट्टे यांची माहिती आता त्यांच्याकडून येऊ लागली. म्हणजे गरज मोजण्याचे कामच उपेक्षितांच्या हाती गेले. प्रेषितांच्या कृत्यांतील सात ग्रीक नावांची आठवण येथे झाल्यावाचून राहत नाही.

१९९० च्या दशकापर्यंत या खेड्यांतील बालमृत्यूचे प्रमाण हजारी तिसाच्या आत आले. जागतिक आरोग्य संघटनेने १९७५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात जामखेडचा वृत्तांत समाविष्ट झाला, आणि १९७८ च्या आल्मा-आता परिषदेत प्राथमिक आरोग्यसेवेची जी घोषणा झाली तिच्या पूर्वतयारीत अशा प्रयोगांचा वाटा होता. १९७९ मध्ये आरोळे दांपत्यास मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मेबल यांचे १९९९ मध्ये व रजनीकांत यांचे २०११ मध्ये निधन झाले. आज देशभर गावोगावी दिसणारी ‘आशा’ कार्यकर्ती २००५ नंतरची. तिच्या पूर्वजांत जामखेडच्या या निरक्षर स्त्रियांची गणना केली पाहिजे.

४. भोपाळ : कागदावरील गरज

जामखेडला १९७० मध्ये पाण्याविषयी विचारणा होत होती, त्याच सुमारास भोपाळमध्ये ग्रामीण भारताच्या दुसऱ्या एका गरजेचा हिशेब मांडला जात होता. युनियन कार्बाइडचा कारखाना तेथे कीटकनाशके तयार करण्यासाठी उभा राहिला. भारतीय शेतकऱ्यास ‘सेव्हिन’ या कीटकनाशकाची किती गरज पडेल याचा अंदाज बांधून वर्षाला पाच हजार टनांच्या उत्पादनाची योजना झाली. तो अंदाज चुकला. कोरडवाहू शेतकऱ्याच्या हाती पैसा नव्हता, स्वस्त पर्याय बाजारात होते, अवर्षणाची वर्षे होती. १९८२ व १९८३ या वर्षांत उत्पादन क्षमतेच्या निम्म्याच्याही खाली राहिले. कारखाना तोट्यात गेला, माणसे कमी झाली, देखभालीवरील खर्च आटला. आणि २–३ डिसेंबर १९८४ च्या रात्री मिथिल आयसोसायनेट हा विषारी वायू झोपलेल्या वस्त्यांवर पसरला. अपघाताची कारणे अनेक आहेत आणि त्यांची जबाबदारी केवळ चुकलेल्या अंदाजावर ढकलता येणार नाही. तरीही शेतकऱ्याच्या गरजेचा आकडा शेतावर न जाता ठरविला जातो तेव्हा त्याची किंमत कोण भरतो, याचे याहून दारुण उदाहरण आपल्या देशात नाही. ती किंमत रेल्वेस्थानकाजवळच्या व कारखान्यासमोरच्या झोपडवस्त्यांनी भरली.

त्यानंतर दुसरी मोजणी सुरू झाली, ती दुखापतींची. तत्काळ मृत्यूंचा पहिला अधिकृत आकडा २,२५९ होता. पुढे भरपाईसाठी मान्य झालेले मृत्यू पाच हजारांवर गेले. नुकसानभरपाईचे दावे तपासताना कागदपत्रे हाच मुख्य आधार राहिला. ज्याच्याजवळ चिठ्ठी नाही त्याला आपला खोकला सिद्ध करणे कठीण झाले. खडी फोडून दुष्काळ सिद्ध करावयाचा, कागद दाखवून विषबाधा सिद्ध करावयाची. शंभर वर्षांच्या अंतराने कसोटी तीच राहिली.

आणखी एक उणीव अधिक खोल होती. आरंभीच्या तपासण्यांचे लक्ष डोळे आणि फुप्फुसे यांवर होते. स्त्रियांना निराळे विचारण्याची आवश्यकता फार थोड्यांना वाटली. १९८५ मध्ये महाराष्ट्रातून गेलेल्या डॉ. राणी बंग यांनी डॉ. मीरा सद्गोपाल यांच्यासह बाधित वस्त्यांतील स्त्रियांची तपासणी केली, आणि स्त्रीरोगांचे प्रमाण तेथे मोठे असल्याचे मांडले. त्या आजारांविषयी स्त्रिया आपण होऊन बोलल्या नव्हत्या याचे कारण सोपे होते: तपासणीच्या टेबलापलीकडे बसलेल्या माणसाने ते विचारलेच नव्हते. गॅसपीडितांसाठी १९९० च्या दशकात ‘संभावना’ हे लोकांच्या देणग्यांवर चालणारे चिकित्सालय उभे राहिले व त्याने वस्त्यांतील आरोग्यकार्यकर्त्यांच्या साहाय्याने घरोघरच्या नोंदी घेण्यास आरंभ केला, तेव्हा भोपाळलाही जामखेडची वाट सापडली असे म्हणता येईल.

५. गडचिरोली

आरोळे दांपत्याप्रमाणेच जॉन्स हॉपकिन्स येथे शिकलेल्या अभय व राणी बंग यांनी १९८६ पासून गडचिरोली या आदिवासीबहुल जिल्ह्यात काम सुरू केले. भोपाळमध्ये न विचारला गेलेला प्रश्न राणीताईंनी येथील खेड्यांत विचारला. दोन गावांतील ६५० स्त्रियांची तपासणी झाली. ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग आढळला, आणि त्यापूर्वी अशी तपासणी केवळ ८ टक्के स्त्रियांची झाली होती. हा अभ्यास १९८९ मध्ये ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. तोवर ग्रामीण स्त्रीच्या आरोग्याचा विचार प्रायः बाळंतपण आणि कुटुंबनियोजन यांपुरता होत असे. सरकारला तिच्याकडून काय हवे आहे याचा तो विचार होता. तिला काय होते आहे याचा नव्हे.

तेथील रुग्णालयाची रचनाही आदिवासींशी बोलून ठरली. मोठ्या इमारतीची व पांढऱ्या कपड्यांची त्यांना भीती वाटे. म्हणून त्यांच्या घरांसारख्या कुट्या बांधल्या गेल्या, आणि रुग्णालयाला त्यांच्या दंतेश्वरी मातेचे नाव दिले गेले. आपल्यापैकी काहींना हे शेवटचे अवघड वाटेल. ख्रिस्ती संस्थेने तसेच नाव द्यावे असे येथे सुचवावयाचे नाही. पण आपल्या दवाखान्याची पाटी, शाळेच्या प्रार्थनेची वेळ, कार्यालयातील खुर्च्यांची मांडणी ही दारात उभ्या राहिलेल्या माणसाला काय सांगते, हा प्रश्न आपणांसही टाळता येणार नाही.

६. आपल्या मंडळ्यांसाठी

या इतिहासातून धर्मगुरू व धर्मशिक्षक यांनी काय घ्यावे? आपल्यापैकी बहुतेकांच्या हाती रुग्णालय नाही, निधी नाही, सर्वेक्षणाची साधने नाहीत. असतात ती खेड्यापाड्यांतील पंचवीस-तीस कुटुंबे, एखादी शाळा किंवा वसतिगृह, आणि सर्वांच्या घरी जाण्याची मोकळीक. ही शेवटची गोष्ट लहान नाही. सरकारी अधिकाऱ्यास किंवा संशोधकास जे घर उघडत नाही, ते धर्मशिक्षकास उघडते. मरणाच्या घरी तर तो बोलावल्यावाचून जातो. गरज समजून घेण्याचे याहून चांगले साधन कोणत्याही संस्थेपाशी नाही. प्रश्न एवढाच की, आपण तेथे जाऊन बोलतो किती आणि ऐकतो किती.

म्हणून काही गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. गरजेची विचारणा रविवारी उपासनेनंतर सर्वांसमोर करू नये. तेथे पंच आणि वडीलधारीच बोलतात. भूमिहीन, एकट्या स्त्रिया, गावकुसाबाहेरचे पाडे यांच्याकडे त्यांच्या सवडीने, म्हणजे शेतकाम आटोपल्यावर, निराळे जावे. स्त्रियांशी स्त्रियांनी बोलावे. ख्रिस्ती नसलेल्या शेजाऱ्यालाही तेच विचारावे, कारण पाणी आणि ताप यांना मंडळीची सभासदत्व-वही ठाऊक नसते. मिळालेली माहिती वहीत लिहिण्याचे काम, शक्य तेथे, ज्यांना विचारले त्यांच्यापैकीच एकास द्यावे. आणि काय कळले ते त्यांना परत सांगावे. अहवाल केवळ वरिष्ठांकडे जाऊन थांबला तर ज्याने आपले दुःख सांगितले त्याची एकप्रकारे लूटच झाली.

आजची परिस्थिती रमाबाईंच्या किंवा आरोळे दांपत्याच्या काळासारखी नाही हेही ध्यानात ठेवावे. अंगणवाडी आहे, ‘आशा’ आहे, रेशन आहे, निराधारांसाठी निवृत्तिवेतन आहे. तेव्हा मंडळीने नवी संस्था काढण्यापूर्वी, असलेली व्यवस्था कोणापर्यंत पोहोचत नाही, हे शोधणे अधिक उपयोगाचे ठरेल. एखाद्या वृद्धेचे आधार कार्ड व बँकेतील नाव जुळत नाही म्हणून तिचे वेतन अडले असेल, तर तिच्यासोबत तहसील कचेरीत जाणे ही लहान सेवा नव्हे.

सर्वांत कठीण गोष्ट शेवटी. खरोखर ऐकावयाचे ठरविले तर, आपण जे वर्षानुवर्षे देत आलो त्याची आता गरज उरली नाही, असे उत्तरही येऊ शकते. एखादे वसतिगृह आता बंद करावे, ती जागा स्थलांतरित मजुरांच्या मुलांसाठी द्यावी, असे लोक सांगतील. तेव्हा संस्थेच्या इतिहासाचा, संस्थापकांच्या तसबिरींचा आणि आपल्या नेमणुकीचा प्रश्न उभा राहील. प्रेषितांपुढेही असाच प्रश्न होता. तोवर ते स्वतः वाटप करीत होते. कुरकुर ऐकल्यावर त्यांनी ते काम दुसऱ्यांच्या, आणि तेही तक्रार करणाऱ्यांच्या, हाती दिले. त्यांचे प्रेषितपण त्यामुळे उणे झाले नाही, आणि वचन वाढत गेले असे लूकने त्याच प्रसंगाच्या अखेरीस नमूद केले आहे.

येत्या वार्षिक सभेत अंदाजपत्रक मांडण्यापूर्वी प्रत्येक मंडळीने आपल्या परिसरातील अशी पाच घरे निवडावीत की ज्यांचा आवाज सभेत कधी ऐकू आलेला नाही, आणि त्यांच्या ओट्यावर बसून बार्तीमयाला विचारलेला प्रश्न त्यांना विचारावा. उत्तर मिळेपर्यंत अंदाजपत्रकाचा एक रकाना कोरा ठेवावा.